कोपऱ्यातली तिसरी खुर्ची

नाही, नाही, खुर्ची नको. उभ्यानंच बोलते. खुर्चीत बसले की मावशीला डुलकी लागते, हे इथं कुणाला ठाऊक नाही?

तर, माझ्या निरोपाच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, मंचावरचे संस्थेच्या मंडळाचे सभासद, आपले संचालक, ज्यांना आपण नुसतं साहेब म्हणतो ते, स्टुडिओतली मंडळी, आणि मागं चहाच्या किटलीपाशी उभ्या माझ्या पोरींनो, सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम.

पाळकसाहेबांनी मला आधीच बजावलंय, बाईनं मंचावरून संदेश द्यायचा नसतो, आपल्या अनुभवाची साक्ष दिली तर चालते. फरक काय, म्हटलं. म्हणाले, साक्ष लहान असते. बरं बाई, लहान तर लहान.

आमचे हे इथं गाडी चालवायचे. ते गेल्यावर मला पुस्तकांची पार्सलं बांधायला ठेवून घेतलंत, ते उपकार विसरायची नाही. पण तेव्हा मी तिशीची. आता या तोंडाकडे बघून पटायचं नाही, पण लोक मागं वळून बघायचे हो! आणि आपला नियम तर कडक. परक्या बाईबरोबर पुरुषानं खोलीत एकटं बसायचं नाही, गाडीतून एकटं जायचं नाही. मी जिन्यात दिसले की आधीचे हिशेबनीस वरच्या पायरीवर डोळे मिटून उभे. माझ्या हातात पुस्तकांचा गठ्ठा हनुवटीपर्यंत, आणि यांची प्रार्थना चाललेली. अहो, प्रार्थना मागाहून करा, आधी एक टोक धरा!

मग केस पिकले. आणि कालपर्यंत जी मोह होती, तीच राखण झाली! साहेबांना एखाद्या मुलीशी कामाचं बोलायचं असलं की हाक यायची, "मावशी, जरा येऊन बसा." कोपऱ्यात माझी खुर्ची. बोलायचं नाही, नुसतं असायचं. कुंपणाच्या खांबाला कुणी मत विचारतं का? मी विणकाम घेऊन बसायचे, जरा वेळानं मान कलायची आणि घोरणं सुरू. साहेब म्हणायचे, "लागलं मावशींचं इंजिन." खरं ना, साहेब? हसा की. आज निरोप आहे.

आता आमची लिहिणारी पोर. ती बघा, दाराशी उभी. साहेब रेडिओवर जे बोलतात आणि लोक रडतरडत फोन करतात, ते सगळं ती लिहिते. यात लपवाछपवी नाही, ऑफिसभर माहीत आहे. रेडिओ विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. सकाळच्या प्रार्थनेत साहेबांनी सांगितलं, "घरच्या जबाबदारीमुळे आपल्या भगिनीनं स्वतःहून नम्रपणे नकार दिला." सगळे म्हणाले, आमेन. मीही म्हणाले, सवयीनं. ती एकटीच म्हणत राहिली, "मी नाही म्हटलेलंच नाही!" मंडळानं चौकशी केली, साहेब तिच्याशी त्या जागेबद्दल बोलले तेव्हा खोलीत तिसरं कोण होतं? मावशी. मग मंडळ म्हणालं, जाऊ द्या, त्या काय, घोरत असतील. विषय संपला. मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची आम्हा बायकांना इथं कुणी सवय लावलेली नाही. उद्या ती जागा तिच्याच हाताखाली शिकलेल्या, ऑफिसातल्याच एका बंधूला मिळणार. गुणी मुलगा आहे. त्याचा दोष नाही.

बरं, आवरते. साक्ष लांबली तर तिचा संदेश व्हायचा. शाल छान आहे, मनापासून आभार. माझ्या हातून एखादं पार्सल भलत्याच गावी गेलं असेल, कुणाला चिमटा जरा जोरात बसला असेल, तर पोटात घाला.

आणि हो, एक राहिलंच. आमचे हे म्हणायचे, "तू झोपेत इतकी शांत असतेस की नाकाशी बोट धरून बघावं लागतं." मी घोरत नाही हो. कधीच घोरले नाही. ते मी मुद्दाम काढायचे, म्हणजे माझी भीड न वाटता तुम्ही मोकळं बोलावं. साहेब, त्या दिवशी तिनं तोंड उघडून ती जागा मागितली होती. तुम्ही म्हणालात, "लायक तूच आहेस गं, पण प्रमुखाला माझ्याबरोबर गाडीतून दौऱ्यावर यावं लागतं." ती म्हणाली, "मग मावशींना मागच्या सीटवर बसवा." तुम्ही हसलात.

मी जागी होते.