एकाच बाहीचं गणित

सावलीच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत इस्तारीच्या मागं एक शिंपी आणि इंजिनिअरिंगला शिकणारी त्याची मुलगी गोकुळा उभी होती.

“फूरिएच्या गणितात नापास काऊन झाली?”

“लाट मधोमध घडी केली तं दोन्ही बाजू जुळल्या, बाबा. मंग साईनची सारी पदं शून्य.”

“ब्लाऊज मी तसाच कापतो.”

“मी अर्ध्याच लाटेचं गणित केलं. दुप्पट कराचं राहून गेलं.”

“म्हणजे गिऱ्हाइकाले एकच बाही देली.”

“हो.”

“बाही बरोबर होती नं?”

“बरोबर होती. म्हणून त्या प्रश्नाचे अर्धे मार्क देले.”

“मंग दुप्पट कराचं पेपर तपासणाऱ्यायचंही राहून गेलं. चाल नागपूरले, युनिव्हर्सिटीत.”

इस्तारी रांगेतून बाजूला सरकला आणि शिंप्याला म्हणाला,

“भाऊ, तुमचं तिकीट आधी घ्या.”