डाव्या काखेचे सात गुण

नाव: ओळखपत्राप्रमाणे, कामावर सगळे ‘नाकताई’ म्हणतात. वय: ४७ वर्षे. व्यवसाय: घामरोधकाच्या कारखान्यात वास-तपासनीस. राहणार: कारखान्यामागील वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी एकोणीस वर्षे लोकांच्या काखांचा वास घेऊन गुण देते. हे ऐकून लिहून घेणाऱ्या हवालदारांना हसू आले. त्याचे मला काही नाही, सवय आहे.

घामाला मुळात वास नसतो. त्वचेवरचे जंतू त्यावर ताव मारतात, तेव्हा वास सुटतो. घामरोधकातला क्षार घामाच्या छिद्रांना बुचे बसवतो, घाम कमी येतो आणि जंतू उपाशी राहतात. चाचणीत माणसाच्या डाव्या काखेला औषध लावतात, उजवी तशीच ठेवतात आणि त्याला गरम खोलीत बसवतात. मग मी वास घेते. जितका वास जास्त, तितके गुण जास्त.

त्या खोलीत चष्म्यावर वाफ धरते, म्हणून मी तो काढून ठेवते. मी गुण सांगायचे, माझी धाकटी बहीण लिहायची. शेवटी ती तक्ता वाचून दाखवायची, कागदावर बोट ठेवायची आणि मी तिथे सही करायची. तिला या कामाला मीच लावले होते. नऊ वर्षे असेच चालले.

दिनांक ४ रोजी सकाळी अकरा वाजता नव्या मालाची चाचणी झाली. माणसे बारा होती. सगळ्यांच्या दोन्ही काखा सारख्याच आंबल्या होत्या, म्हणून मी दोन्हींना सात-सात गुण दिले. बहिणीने सात-सातच वाचले. वाचताना तिच्या घामाचा वास बदललेला मला कळला होता. मला वाटले, हिला बरे नाही. मी सही करून तिला लवकर घरी पाठवले.

महिन्याभरात ती विभागप्रमुख झाली. मी पेढ्यासारखी गोड बातमी म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. नंतर त्याच मालाबद्दल बाजारातून तक्रारी आल्या. साहेबांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. डाव्या काखेला दोन गुण होते, म्हणजे माल पास. सही माझीच होती. बहीण शेजारी बसलेली होती. ती म्हणाली, “साहेब, ताईचं नाक आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मीच इतके दिवस सांभाळून घेतलं.” मला त्याच दिवशी घरी बसवण्यात आले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारले, “वाचलंस सात आणि लिहिलंस दोन?” ती म्हणाली, “ताई, तुझी अशी किती वर्षं राहिलीत आता? माझा तरी विचार कर.” तिने केसाने माझा गळा कापला.

घाम टिपलेल्या कापसाचे वजन दुसरा कारकून करतो. त्याच्या वहीत दोन्ही काखांचे वजन सारखेच आहे. ती वही ताब्यात घ्यावी. माझे नाक शाबूत आहे. हवालदारांनी आज काहीच लावलेले नाही, हेही नोंदवावे.

जबाब लिहून झाल्यावर हवालदार तो मला वाचून दाखवू लागले. मी त्यांना थांबवले, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सहीच्या जागेवर कोणालाही बोट ठेवू दिलेले नाही.