आजोबांच्या फोटोला हार

लंडनमध्ये क्रॉयडनला बसच्या रांगेत पुढचं वयस्क जोडपं मराठीत बोलू लागलं, तसे वैजयंतीनं कान टवकारले.

“अहो, पंधरा ऑगस्टला मंडळात तुमच्या आजोबांच्या फोटोला हार घालणारेत.”

“कशाला?”

“स्वातंत्र्यासाठी काळ्या पाण्यावर गेले ना!”

“अगं, ते म्हैस चोरून गेले. पकडायला आलेल्या फौजदाराचं डोकं फोडलं, म्हणून जन्मठेप.”

“आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“अंदमान म्हटलं की लोक हातच जोडतात. पुढचं ऐकतंय कोण!”

“फौजदार इंग्रजांचाच होता ना? मग घालू देत हार.”

“आणि म्हैस?”

“तिचं काय?”

“तुझ्या माहेरची होती.”

“अगबाई! म्हणजे आजी सांगायची ती चोरीला गेलेली आमची चंद्री? तरीच लग्नात तुमच्या घरच्यांनी हुंडा मागितला नाही!”