हिरव्या पानावरचा बेडूक

धाकटा: मी तुला आधीच बजावलं होतं, ताई. खेळ कसा वाटला हे कुणाला विचारू नकोस. खेळताना बघ.

मी: आणि मी म्हटलं होतं, बाबा रे, हे तुमच्या ऑफिसचं काम नव्हे. माझी तान्ही चिमणी झोपली की मिळणाऱ्या चाळीस मिनिटांत केलेला माझा पहिला मोबाइलवरचा खेळ आहे. पहिला आठवडा तर बेडूक उडी मारून जो वर जायचा तो परतच यायचा नाही. त्याला खाली ओढायचं, हे कॉम्प्युटरला सांगायलाच विसरले होते मी.

धाकटा: आणि पाण्यात पडला तरी बुडत नाही, ते?

मी: त्याला बुडवणं माझ्याच्यानं होईना. ते राहू दे. मी आईकडे आलेय, तू स्पीकरवर आहेस. तिच्या मोबाइलवर आकडे बघितले. खेळ उघडला एकवीस वेळा. उड्या शून्य.

आई: उड्या कोण मारणार, या वयात?

मी: आई, बेडूक मारणार. त्याच्यावर बोट ठेवलं की तो पुढच्या पानावर जातो. तीन आठवडे मी रोज फोनवर विचारतेय आणि तू म्हणतेस, छान आहे.

आई: छानच आहे. तळ्याचं चित्र आहे, मधूनच डराव डराव होतं. दुपारी लावून बसते. डोक्याला शांत वाटतं.

धाकटा: म्हणजे एकवीस वेळा नुसतं तळं बघितलंस?

मी: आई, यात बेडूक कुठेय, दाखव बरं.

आई: असेल की कुठेतरी पाण्याखाली.

मी: हा काय, मधोमध. या पानावर.

आई: ते पानच आहे गं. सगळं हिरवंच तर आहे.

धाकटा: ताई, हिरव्या पानावर हिरवा बेडूक कुणी ठेवतं का?

मी: खरा तसाच असतो म्हणून ठेवला. थांब, लॅपटॉप आणलाय, एकच ओळ बदलायची आहे. चिमणे, वायर सोड. आधी तोंडातून काढ. हं, केला लाल. आई, आता पुन्हा उघड.

आई: अगंबाई. हा तर टपूनच बसलाय.

धाकटा: झालं. धडा मिळाला, बेडूक लाल.

मी: नाही झालं. हा खेळ मी बारा जणांना दिलाय. हिरवा बेडूक बाकी सगळ्यांना दिसला होता.

धाकटा: मग?

मी: आई, मघाशी मला दार उघडायला आलीस, तेव्हा जिन्यात काय पुटपुटत होतीस?

आई: काही नाही, आकडे. अकरा पायऱ्या आहेत ना. शेवटची हल्ली नीट दिसत नाही, म्हणून मोजत उतरते. चुकत नाही.

मी: कधीच?

आई: एकदाच. गुडघ्यावर निभावलं.

धाकटा: आणि आम्हाला सांगितलं नाहीस.

आई: तुला नोकरी, हिच्या कडेवर पोर. पोर शिंकलं तरी ही थर्मामीटर शोधते. हिला कशाला आणखी काळजी?

मी: मला काळजी नको म्हणून तू जिन्यावरून पडणार? चप्पल घाल. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन लावतेय.

धाकटा: मी निघालोच. तासाभरात गाडी घेऊन येतो.

मी: पाच वाजता बोलावलंय. आई, ऐकतेयस ना?

आई: पाचला अजून वेळ आहे. गप्प बसा दोघं, हा आठव्या पानावर पोचलाय.

मी: (वाचणाऱ्यांना) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बुधवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, नीट दिसेल, काळजी करू नका. ते मला जमत नाही, पण प्रयत्न करतेय. आईनं दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनाही खेळायला बसवलं. तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल आणि रोज फोनवर सगळं ठीक आहे म्हणत असेल, तर आज तिकडे एक चक्कर मारा. आधी कळवू नका, नाहीतर ते माणूस सगळं आवरून ठेवेल.