टिकल्यांच्या तळ्यातला सुंभ

ऐका. आणि त्या सुलूला कुणीतरी मधे बसवा. ती मेली दाराकडे टक लावून बघते आणि सगळ्यांनाच घाबरवते.

आपल्या घाटीखालचं टिकल्यांचं तळं ठाऊक आहे ना? वरून हिरवंगार, पाण्याचा थेंब दिसायचा नाही. त्या टिकलीला ना खोड, ना फांदी. एवढीशी चकती, खाली केसासारखं मूळ, आणि ते मूळही मातीत नाही, पाण्यात लोंबतं. काही टिकल्या खालून लालसर. काही तर रव्याच्या कणाएवढ्या, त्यांना मूळच नाही! काय हसतेस गो? फूलसुद्धा येतं त्यांना, पण ते बघायला तुझ्या बापाला चष्मा लागेल. आणि वाढ विचारू नका! कुशीतून लेक, लेकीच्या कुशीतून नात. दोन दिवसांत एकीच्या दोन, दोघींच्या चार. म्हणून म्हातारी माणसं सांगायची, आज तळं अर्धं झाकलं असेल तर परवा उघडं पाणी शोधू नका. हे अर्ध्याचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर शाणू आणि विश्राम, दोघे सख्खे भाऊ. बदकं पाळायचे. तळ्यावरच्या टिकल्या काढायच्या, बदकांना घालायच्या, उरल्या तर माडाच्या आळ्यात खताला. आणि टिकल्या काढायची आपली एक रीत आहे. एकट्यानं उतरायचं नाही. एक पाण्यात, कमरेला सुंभ, म्हणजे आपला काथ्याचा दोर. दुसरा बांधावर, तोच सुंभ हाताला गुंडाळून. कारण खाली काय चाललंय ते वरचं हिरवं दिसू देत नाही. माणूस आत गेला तर भोक पडतं आणि पापणी लवेपर्यंत बुजतं. म्हणून काठावरच्यानं सुंभ सोडायचा नाही. शिंक आली तरी नाही!

एका साली विश्राम उतरला, शाणू काठावर. आणि विश्राम गेला. ना तो सापडला, ना सुंभ. "सुंभ तुटला," शाणू म्हणाला. तुटला म्हणाला हं, मी एवढंच सांगते. त्यांची आई, भागीरथी, तिनं स्वतः वळलेला तो सुंभ. म्हातारी ऊर बडवून रडली, "माझ्याच हातचा दोर कच्चा निघाला!" तेव्हापासून तिनं काथ्याला हात लावला नाही.

वर्ष गेलं. शाणू बाजाराला गेला होता, डोक्यावर डालगं, डालग्यात तीन बदकं. परतताना काळोख पडला. आईनं बजावलं होतं, "वरच्या वाटेनं ये, उशीर झाला तरी चालेल." ऐकेल तर तो शाणू कसला! आला खालून.

बांधापाशी येतो तो काय? तळंच नाही! समोर नुसतं कुरण. चांदण्यात सपाट, हिरवंगार. पलीकडे घरचा दिवा. "वाट चुकलो वाटतं, चला, कुरणातून लवकर पोचेन." टाकला पाय. दव लागलं, थंडगार. चालला. दव पोटऱ्यांना. अरे, आज दव किती! दव मांड्यांना. दव कधी मांड्यांना लागतं का रे? पण गिऱ्हा, ते बुडवणारं भूत, पहिली अक्कल खातं आणि मग माणूस.

"दादा."

शाणू थिजला. विश्रामचा आवाज! अगदी तोच!

"दादा, सुंभ धर."

आणि त्या हिरव्यातून वर आलं सुंभाचं टोक. धाकटा भाऊ हाक मारतोय, तुम्ही काय केलं असतं? धरला. बर्फासारखा गार. मनगटावर एक टिकली चिकटली. पुसली. दोन झाल्या. पुसल्या. चार! आठ! सोळा! कोपर गेलं, खांदा गेला. घाबरून त्यानं दुसऱ्या हातानं कुरणातलं गवत धरलं, तर उपटावं लागलंच नाही! मूठ अलगद वर आली, आणि खाली केसासारखी मुळं लोंबतायत. अगो बाई! कुरण कुठलं! पाणी! छातीभर पाणी!

खाली बघतो तर अर्धी छाती हिरवी. अर्धा गळा. अर्धं तोंड. अर्धं! कळलं ना पोरांनो?

"दादा, तुटला म्हणालास ना? मग मला कशानं ओढतोयस?"

शाणू अर्ध्या तोंडानं ओरडला, "नाही तुटला रे! बांधावरच्या भेंडीच्या झाडाला बांधला आणि विडी पेटवायला गेलो! गाठ सुटली, विश्राम! मी आईशी खोटं बोललो!"

ओढ सैल पडली. क्षणभरच. तेवढ्यात डालगं डोक्यावरून कलंडलं, झाकण उडालं, बदकं बाहेर! आता बदकाला गिऱ्हा काय नि देव काय! टिकली दिसली की चोच. ओठांवरच्या खाल्ल्या, डोळ्यांवरच्या खाल्ल्या, पचापचा पचापचा! शाणूला श्वास आला. बदकं काठाकडे वळली, हा त्यांच्या मागे खुरडत, बुडत, वर येत. तीन बदकं पाण्यात होती. काठावर दोनच चढली. तिसरं आवाजही न करता खाली गेलं.

घरी आला. भागीरथीनं चिमणी वर धरली. "काय रे झालं?"

आणि शाणू काय म्हणाला असेल? "पाय घसरला आई." बघा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

पण म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. त्याच्या मुठीकडे बघत होती. मूठ वळलेली तशीच राहिली होती, आणि तिच्यातून सुंभ लोंबत होता, थेट अंगणापर्यंत. तिनं तो घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवला. पीळ ओळखला. दोन्ही टोकं चिमणीपाशी धरली.

"हा माझ्या हातचा," ती म्हणाली. "हा तुटला कुठं रे, शाणू?"

त्यानंतर म्हातारी सात वर्षं जगली, सुंभ उशाशी घेऊन झोपायची, पण शाणूशी एक शब्द बोलली नाही. त्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही.

म्हणून सांगते, दिवस मावळल्यावर त्या बांधानं जाऊ नका. कुरण दिसलं, घरचा दिवा दिसला, हाक आली, मागे फिरा. आणि दिवसा गेलात, आणि कुणी तुमच्या भरवशावर पाण्यात उतरला, तर विडी राहू दे, बाबांनो. सुंभ हातातून सोडू नका.