शेंडीवाला एक

आई : पगार विचारायचा नाही?

मुलगा : नाही.

आई : मुलंबाळं किती?

मुलगा : तेही नाही. घर स्वतःचं की भाड्याचं, हेही नाही.

आई : मग तासभर बोलायचं काय त्या माणसाशी?

मुलगा : हवेबद्दल. इथे सगळे हवेबद्दल बोलतात.

आई : हवेत बोलण्यासारखं काय असतं रे? घ्यायची आणि सोडायची.

सून : अहो, आधी घर तर सापडू दे. चारचं बोलावणं, सव्वाचार झाले. दोन बस चुकलो आपण.

मुलगा : एकच चुकलो. दुसरी बरोबर होती, फक्त उलटी चालली होती.

सून : बरं. दीड.

मुलगा : ही बघ साहेबांच्या हातची चिठ्ठी. गल्ली हीच. घर नंबर सात. आणि हे समोर सात. आई, पुन्हा एकदा सांगतो, शुक्रवारी माझे सहा महिने भरतायत. साहेबांनी चांगलं लिहून दिलं तर मी कारखान्यात कायम, नाहीतर सामान बांधायचं. तेव्हा तिथे बाकीचे जसं वागतील तसं वागायचं. ते बसले की बसायचं, ते उठले की उठायचं.

आई : मला कळतं. चार सुना-जावयांची घरं बघून आलेय मी. आणि ते जेवायला कधी वाढतात? सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय.

मुलगा : दार उघडंच आहे. चला, हसत हसत आत चला.

*

सून : ही कोण?

मुलगा : साहेबांची बायको असणार. म्हणतेय, "या, या, उशीर नाही झाला."

सून : स्वतःच्या घरात छातीवर नावाची पट्टी लावून हिंडते?

मुलगा : पाहुण्यांना नाव कळावं म्हणून. चांगली पद्धत आहे. आपल्याकडे निम्म्या लग्नात आपण कुणाशी बोलतोय तेच कळत नाही.

आई : आणि ह्या निळ्या पिशव्या कशाला दिल्या?

मुलगा : बुटांवर चढवायच्या.

आई : पायाला पिशवी? अरे, सरळ बूट काढायला सांगायचे!

मुलगा : हळू, आई. ती विचारतेय, घरात माणसं किती?

आई : आता? आता चालतं विचारलेलं?

मुलगा : तीन म्हणालो. आता विचारतेय, मुलं आहेत का. नसतील तर... पुढे विचार आहे का.

सून : काय?

आई : मला ही बाई आवडली.

मुलगा : ह्या कागदावर नाव आणि फोन नंबर लिहायचा म्हणे. सगळ्यांनी लिहिलाय.

सून : वाचा तरी काय आहे ते.

मुलगा : मला कारखान्यातलं वाचता येतं. भिंग घासा, भिंग पुसा, हात घालू नका. ह्यात त्यातला एकही शब्द नाही. तू शिकवणीला जातेस ना?

सून : आमचा अजून दवाखान्याचा धडा चालू आहे. "माझा घसा दुखतो" एवढं मी सांगू शकते.

मुलगा : नको सांगू. आई, भेट दे तिला.

आई : घ्या हो बाई. टेबलावरचं कापड आहे, माझ्या हातचं भरतकाम. दोन महिने लागले. डोळे गेले माझे. सांग तिला.

मुलगा : फार खूश झाली. म्हणतेय, असं आजवर तिला कुणीच दिलं नाही.

आई : एवढे लोक रिकाम्या हातांनी आले? शोभतं का!

मुलगा : टेबलावर अंथरतेय बघ. फोटो काढतेय. चला, घर दाखवते म्हणते.

*

सून : अहो, साहेब कुठे आहेत?

मुलगा : असतील आत. तयार होत असतील.

सून : आतलं सगळं बघून झालं. तीन खोल्या, दोन न्हाणीघरं आणि एक पाणी तापवायचं यंत्र. त्या यंत्रापाशी तर ती दहा मिनिटं उभी होती.

मुलगा : अभिमान असतो एकेकाला.

आई : दाद्या, तो टकला माणूस बघ. फीत घेऊन भिंत मोजतोय.

मुलगा : भाऊ असेल साहेबांचा.

आई : वाटणी चालू आहे की काय? आणि ती त्याची बायको. आता तिसऱ्यांदा संडासाची साखळी ओढून आली. काय बाई तरी! पाहुणी म्हणून यावं आणि नुसतं पाणी सोडून बघावं!

मुलगा : पद्धत असेल. यजमानाच्या प्रत्येक वस्तूची विचारपूस करायची. आपण काहीच करत नाही, ते बरं दिसत नाही. आई, तूही काहीतरी उघडून बघ.

आई : उघडू? खरंच?

मुलगा : कपाट उघड. मान हलव. "छान" म्हण.

आई : इतके दिवस हीच परवानगी हवी होती मला ह्या देशात.

सून : आई! ते त्यांचं कपड्यांचं कपाट आहे!

आई : रिकामं आहे गं. एक चिंधी नाही. खालचे खण पण रिकामे. काहीतरी बिनसलंय बरं ह्या नवराबायकोत. ही बाई कपडे उचलून माहेरी निघालीय.

सून : मला पण काहीतरी वेगळंच वाटतंय. फ्रीजमध्ये बर्फसुद्धा नाही.

मुलगा : तू फ्रीज उघडलास?

सून : तुम्हीच म्हणालात, मिसळून वागा.

आई : म्हणजे जेवायला नाही? मग त्या टोपलीतली फळं तरी घेते मी एक. सफरचंद लालबुंद आहे.

मुलगा : एकच घे. आणि चावताना आवाज करू नकोस.

आई : थू, थू!

सून : काय झालं, आई?

आई : मेण.

मुलगा : काय?

आई : मेणाचं आहे रे मेलं! दातात बसलं.

सून : ठेवा, ठेवा, परत ठेवा. चावलेली बाजू भिंतीकडे करा. आणखी. हां.

मुलगा : शांत राहा, ती इकडेच येतेय. हसा. विचारतेय, घर आवडलं का?

सून : काय म्हणालात तुम्ही?

मुलगा : म्हटलं, फार आवडलं. यापेक्षा चांगलं घर मी पाहिलेलं नाही. आम्हाला असंच हवं होतं.

सून : एवढं कशाला बोलायचं?

मुलगा : शुक्रवार आहे माझा! बघ किती आनंद झाला तिला. हात धरून हलवतेय. आणखी एक कागद देतेय. इथे सही कर म्हणते.

सून : थांबा. कशावर सही?

मुलगा : आभाराची वही असेल.

सून : दाखवा इकडे. हा... हा शब्द मला येतो. दवाखान्याच्या आधी बाजाराचा धडा होता. "विकणे." अहो, हे घर विकायला काढलंय!

मुलगा : साहेबांनी? मला बोलले नाहीत.

सून : साहेबांचं नाहीच हे घर! ही बाई घरं विकते. ती फीतवाली माणसं गिऱ्हाइकं आहेत. आणि तुम्ही आत्ता तिला सांगितलंत, आम्हाला असंच हवं होतं.

आई : म्हणजे मी गेला पाऊण तास कुणाच्या कपाटात होते?

मुलगा : पण चिठ्ठीवर सात आहे! हा बघ, सात!

सून : चिठ्ठी त्या बाईला दाखवा. दाखवा हो, लाज नंतर वाटून घ्या.

मुलगा : ती हसतेय.

सून : का?

मुलगा : म्हणतेय, हा सात नाही. एक आहे. इथले लोक एकाला शेंडी काढतात. सात लिहिताना पोटातून आडवी रेघ मारतात. साहेब एक नंबरला राहतात. कोपऱ्यावर. बस थांबते तिथेच.

आई : म्हणजे आपण त्याच्या दारात उतरलो आणि त्याच्याच घरावरून चालत आलो?

मुलगा : पाच वाजले. गेलो मी. संपलो. इथे पाच मिनिटं उशीर झाला तर लोक दोन दिवस माफी मागतात.

सून : सही केलीत का?

मुलगा : अर्धी.

सून : अर्ध्या सहीने घर येत नाही. चला.

आई : थांबा. माझं कापड.

मुलगा : आई, नको! दिलेली वस्तू परत मागायची?

आई : दोन महिने बसलेय त्याच्यावर. हो बाई, हेच, माझंच. जरा घडी घालून द्या. तिला सांग, दिलेलं परत घेतल्याचं पाप मला लागू दे. आणि ते फळ कुणाला देऊ नका म्हणावं.

*

मुलगा : उघडलं नाही तर?

सून : उघडतील.

मुलगा : उघडलं आणि काही बोललेच नाहीत तर?

आई : तर मी हवेबद्दल बोलते. वाजव बेल.

(दार उघडतं.)

मुलगा : साहेब, माफ करा, साहेब... आई, तू आत नको घुसूस, आधी मला सांगू दे...

आई : त्याने वाट दिली म्हणून आले. बघ, गळ्याला टाय बांधलाय बिचाऱ्याने. घरातल्या घरात.

सून : काय म्हणाले?

मुलगा : मी म्हटलं, नंबर चुकला, सातमध्ये होतो. ते म्हणाले, "मग घर कसं आहे आतून? मला बरेच दिवस बघायचं होतं."

सून : रागावले नाहीत?

मुलगा : विचारतायत, पाणी तापवायचं यंत्र कुठल्या बनावटीचं आहे.

आई : त्याला म्हणावं, यंत्र चांगलं आहे, फळं खाऊ नकोस. आणि हे घे कापड. जरा वापरलेलं आहे, पण एका तासाचंच.

मुलगा : साहेब म्हणतायत, टेबल मांडलेलं आहे, बसा. पाव गार झालाय, परत गरम करतो.

सून : मी जाते मदतीला. काही नाही तर घसा दुखतो म्हणते.

आई : दाद्या, चार खुर्च्या. चारच बशा. त्याची बायको कुठाय?

मुलगा : आई, विचारायचं नाही.

आई : मी तुला विचारतेय.

मुलगा : मला माहीत नाही. सहा महिन्यांत आमचं भिंगांशिवाय काही बोलणं झालेलं नाही.

आई : सहा महिने रोज एकत्र काम करता आणि घरी कोण आहे ते माहीत नाही? विचार. मी म्हातारी आहे, माझ्या नावावर खपव.

मुलगा : आई...

आई : विचार.

मुलगा : ...विचारलं.

आई : मग?

मुलगा : बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. मुलगी लांब असते, तिकडच्या टोकाला. आणि म्हणतायत... कुणी विचारलं नव्हतं बरेच दिवस.

आई : मुलगी काय करते? जावई कसा आहे? येते का कधी?

मुलगा : एकेक विचार गं! ते खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसतायत. कपाटातून मुलीचे फोटो काढून आणतो म्हणतायत.

*

सून : आली बस. बसा, आई, खिडकीशी.

आई : पोट भरलं हो. साधंच होतं, पण मनाने वाढत होता. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर तोंड पडलं त्याचं.

सून : अहो, शेवटी त्या शुक्रवारचं बोललात का?

मुलगा : निघताना धीर करून विषय काढला. म्हणाले, कायम केल्याचा कागद सोमवारीच वर पाठवलाय.

सून : सोमवारी? बोलावणं तर बुधवारी आलं.

मुलगा : हो ना. मी म्हटलं, मग आज कशासाठी बोलावलंत? माझ्याकडे असे बघायला लागले. म्हणाले, "चहासाठी. सांगितलं होतं ना?"

सून : आणि तुम्ही बुधवारपासून झोपला नाहीत.

मुलगा : आई, काय बघतेस बाहेर?

आई : तो थांब्यावर उभा आहे.

मुलगा : कोण, साहेब? दारातूनच निरोप घेतला की त्यांनी. इथे कुणी सोडायला येत नाही.

आई : आलाय. घरातल्या सपाता घालून आलाय. हात हलवतोय.

सून : खरंच की.

मुलगा : हात खाली घे आता, आई, बस सुटली. लोक बघतायत.

आई : बघू देत. वळण येईपर्यंत हलवायचा असतो.