पालकांची सही

निशातगंजच्या एसटीडी बूथबाहेर वसुधाताई रांगेत उभ्या होत्या. मागे बायको-लेकीसह उभे असलेले एक गृहस्थ लेकीची वही नाचवत मराठीत कडाडले.

"सुरुची, घरात आत्ता कोण काय करतंय, काल काय करत होतं, एवढंच इंग्रजीत लिहायचं होतं ना? मग 'बाबा ओरडत आहेत, आई रडत होती' हे काय लिहिलंस?"

"मैम ने कहा था, घर देखकर लिखो."

"माझी अब्रू वेशीला टांगलीस!"

"अहो, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत! इथे मराठी कळतंय कुणाला? तू तोंड उघडू नकोस!"

"मैम ने जाँचकर कहा, सब सही है, बाबा. बस आपका साइन चाहिए."

वसुधाताईंनी मागे वळून पेन पुढे केलं.

"घ्या. करा सही."